इगर्जीतलं (चर्चमधलं) कॉयरचं गाणं ऐकायचं कसं? गोव्यातल्या आपल्या लोकांसाठी

जुन्या गोव्याला गोंयच्या सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, म्हणजे सण, असो नाहीतर म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं (मारियेचं), आपल्यातले कितीतरी लोक दरवर्षी जातात, मेणबत्ती लावतात, सायबिणीला तेल वाहतात (शिरगावच्या लईराईची बहीण ना ती, मग जायलाच पाहिजे), फेरीतून खाजं बांधून घेतात आणि घरी. आत कॉयर (गाणाऱ्यांचा ताफा) गात होता त्याचं काय विचारलं तर "हो हो, छान चाललं होतं" एवढंच. भजनात कोणी जरासा कणसूर लागला तर लगेच मान वळवून बघणारी ही माणसं, पण तिथे त्यांचे कान कामच करत नाहीत, कारण ऐकायचं काय हेच कोणी कधी सांगितलेलं नसतं. मी पेटी वाजवतो, ख्रिस्ती नाही, पण हे गाणं बरीच वर्षं ऐकत आलोय, तर मला जे उपयोगी पडलं ते इथे लिहितोय.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. वरचा आवाज सोडा आणि खालचा धरा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आपल्या कानाला सवय एका ओळीची. बुवा गातात, मागचे धरतात, पण धरतात ती तीच ओळ, फार तर एक सप्तक खाली-वर. कॉयरमध्ये चार ओळी एकाच वेळी चाललेल्या असतात. बायकांचा उंच आवाज सोप्रानो, बायकांचाच खालचा आल्टो, पुरुषांचा उंच टेनर आणि सगळ्यांच्या तळाशी बेस. चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते म्हणून आपण आपोआप तिच्याच मागे जातो, आणि मग वाटतं की चाल तर साधीच आहे, यात ना तान ना मुरकी, लोक एवढं काय कौतुक करतात. अहो, गंमत त्या चालीत नाहीच, चालीच्या खाली काय बदलतंय त्यात आहे.

घरी पेटी असेल तर हे आत्ता करून बघा. पांढरी एक सा धरा. सा, ग, प तिन्ही पट्ट्या एकदम दाबा आणि तोंडाने फक्त सा म्हणा, लांब. आता तुमचा सा तसाच ठेवून हात उचला आणि म, ध, वरचा सा एकदम दाबा. तुमच्या गळ्यातला सूर हललेला नाही, पण तो वेगळाच वाटायला लागतो, मघाशी घरात बसलेला होता आता जरा बाहेर उभा असल्यासारखा. परत सा-ग-प वर या, परत घरात. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की सा चा अर्थ मैफल संपेपर्यंत बदलत नाही, इथे सूर तोच आणि त्याच्या खालची जमीन सरकते. आणि हे जे तुम्ही आत्ता केलंत, म-ध-सा वरून सा-ग-प वर येणं, त्याच्यावर कितीतरी गाण्यांच्या शेवटचा "आमेन" म्हणतात. "आ" पहिल्यावर, "मेन" दुसऱ्यावर. पुढच्या वेळी इगर्जीत ऐकाल तेव्हा बेसवाले म वरून सा वर उतरताना बरोबर सापडतील.

दुसरा व्यायाम सेकंडचा. गोव्यात दोघं जण गायला बसले की एक जण चाल म्हणतो आणि दुसरा सेकंड मारतो, कोणी शिकवायला लागत नाही, लहानपणापासून कानात असतं. पहिला ग वर असला की दुसरा सा वर, पहिला प वर गेला की दुसरा ग वर, म्हणजे मधला एक सूर सोडून खालून चालायचं. जुन्या मोतेतांपासून (लॅटिन धार्मिक गाणी, पुढे सांगतो) मांड्यापर्यंत (कोंकणी प्रेमगीतं) गोव्याच्या गाण्याची ही खूणच आहे. पेटीवर एखादी सोपी आरती घ्या आणि अशी दोन बोटांनी वाजवा, सगळीकडे नाही जमणार, काही ठिकाणी खटकेल, पण कान उघडेल.

आता जायचं कधी. इथे माझं मत जरा उलटं आहे. ३ डिसेंबरला, गोंयच्या सायबाच्या फेस्ताला, जुन्या गोव्याच्या बॉम जेझू इगर्जीत जाऊ नका, म्हणजे दर्शनाला जरूर जा, गाणं ऐकायला नको. मोठी मीस (इगर्जीतली मुख्य प्रार्थना, इंग्रजीत मास) बाहेर मांडवात असते, गर्दी अफाट, सगळं लाउडस्पीकरमधून येतं आणि लाउडस्पीकरमधून चार आवाजांचा एकच लगदा होतो. त्यापेक्षा आपल्या वाड्याजवळच्या छोट्या इगर्जीचं किंवा कपेलाचं (छोट्या प्रार्थनाघराचं) फेस्त शोधा आणि त्याच्या आदल्या संध्याकाळची वेस्पर, म्हणजे सायंप्रार्थना, गाठा. लोक कमी, गाणारे तेच, आणि घाई नसते. फेस्ताच्या दिवशीची मीस साधारण सकाळी दहाच्या सुमारास, पण वेळ इगर्जीच्या बोर्डावर बघूनच जा. नेहमीच्या रविवारी सकाळपासून दोन-तीन मिस असतात, त्यातली कॉयरची कुठली ते शेजारच्या कोणालाही विचारा, लगेच सांगतील.

नाताळची मध्यरात्रीची मीस सगळ्यांना माहीत असते, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. कॅरल सोपी असतात, पटकन कळतात, सुरुवातीला चांगली.

पण खरं ऐकायचं असेल तर लेंट, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपासाचा काळ, साधारण फेब्रुवारी-मार्च-एप्रिल. या दिवसांत मिशीमध्ये ग्लोरिया आणि आलेलुया ही आनंदाची गाणी बंद असतात, वाद्यं कमी, फुलं नाहीत, आणि मग जे उरतं ते नुसतं गाणं. याच दिवसांत गोव्याची अगदी स्वतःची अशी चीज ऐकायला मिळते ती म्हणजे मोतेत. शब्द लॅटिन, चाली इथल्याच मेस्तांनी (इगर्जीच्या संगीत शिक्षकांनी) बांधलेल्या, दोन-तीन आवाजांत, सोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि खाली रबेकांव, म्हणजे तो माणसाएवढा उंच उभा बेस. प्रत्येक मोतेत लहान असतो, पण लय इतकी विलंबित की एकेक शब्द संपता संपत नाही. येशूच्या दुःखाच्या प्रसंगांची मिरवणूक निघते, मधे मधे थांबते, तिथे मोतेत होतो, मग परत चालायचं. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी बऱ्याच गावांत व्हेरोनिका असते, गावातलीच एखादी मुलगी, काळा पोशाख, उंचावर उभी राहते आणि एकटी गाते, गाता गाता हातातलं गुंडाळलेलं कापड हळूहळू उलगडत जाते आणि त्यावर येशूचा चेहरा असतो. ते लॅटिन शब्द बायबलमधल्या विलापगीतातले आहेत, अर्थ साधारण असा, वाटेनं जाणाऱ्या सगळ्यांनो, थांबा, बघा, माझ्या दुःखासारखं दुःख कुठे आहे का. तिच्या गाण्याला चार आवाजांचा आधार नसतो, एकच ओळ, म्हणजे आपल्या कानाला हे सगळ्यात जवळचं. पण मी म्हणेन तिचं संपल्यावर लगेच कॉयर उचलतो तेव्हा लक्ष द्या. एका आवाजानंतर एकदम खालून रबेकांव आणि पुरुषांचे आवाज येतात तेव्हा जमीन पायाखाली आल्यासारखं वाटतं, आणि बेस म्हणजे काय ते न शिकवता कळतं.

त्याच आठवड्यात अजून एक मजा आहे. गुरुवारी संध्याकाळच्या मिशीत ग्लोरिया परत येतो, घंटा खणखणून वाजतात, आणि मग एकदम बंद. शनिवारच्या रात्रीपर्यंत इगर्जीतली एकही घंटा वाजत नाही, त्याऐवजी लाकडी मात्राक, टक टक टक टक असा कोरडा आवाज. वाद्यंसुद्धा या काळात असली तर फक्त गाण्याला सूर धरायला, स्वतंत्र वाजवायची नाहीत असा नियमच आहे. शनिवारी रात्री अंधारात सुरुवात होते, मोठी मेणबत्ती आत आणतात, एक जण एकट्याने लांबच लांब स्तोत्र गातो, नंतर वाचनं होतात बरीच (इथे जरा धीर धरा, बसायला मिळालेलं असलं तर बरं) आणि मग ग्लोरिया लागतो, दिवे, घंटा, ऑर्गन सगळं एकदम. वर्षात एकदाच जायचं असेल तर मी त्या रात्रीला जा म्हणेन. आणि गोवा वेल्हाला लेंटच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते, तिला मात्र गर्दी असते, गाण्यापेक्षा बघायलाच जास्त.

बसायचं कुठे हे फार महत्त्वाचं आणि याचा कोणी विचारच करत नाही. गोव्याच्या जुन्या इगर्जींत कॉयरची जागा मुख्य दाराच्या वर, मागच्या माडीवर. म्हणजे तुम्ही तोंड करून बसता आल्ताराकडे (वेदीकडे) आणि गाणं येतं पाठीमागून, डोक्यावरून. गाणारे दिसतच नाहीत. पहिल्यांदा माणूस सारखा मागे वळून बघतो, तसं करू नका, वाईट दिसतं. माडीच्या खाली मात्र बसू नका कारण आवाज वरून पुढे निघून जातो आणि खाली फक्त पंख्याची घरघर ऐकू येते. मधल्या रांगेत, लांबीच्या साधारण निम्म्यावर, खांबावर लावलेल्या स्पीकरपासून दूर, ही चांगली जागा. हल्ली बऱ्याच ठिकाणी कॉयर खाली पुढे एका बाजूला उभा असतो कीबोर्ड-गिटार घेऊन, तिथे उलट दुसऱ्या बाजूला बसा, म्हणजे सगळे आवाज मिसळून येतील. एकच माइक असेल आणि तो सगळ्यात मोठा आवाज असलेल्या बाईसमोर लावलेला असेल तर मात्र काही उपाय नाही, देवाचं नाव घ्या नि बसा.

इमारतीचाही आवाज असतो. चिऱ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, उंच छत, त्यामुळे सूर सोडला तरी तो लगेच जात नाही, हवेत रेंगाळतो. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये, ज्याचं काम १५६२ मध्ये सुरू झालं, हे चांगलं कळतं. अशा जागेत जलद तान घेतली तर सगळं चिखल होईल, म्हणून हे गाणं मुळातच लांब सुरांचं आणि जागा सोडत जाणारं. चांगला कॉयरमास्तर ओळ संपली की घाई करत नाही, आवाज विरू देतो. कॉयर चांगला की बरा हे ओळखायची माझी पहिली परीक्षा तीच, आणि दुसरी म्हणजे शेवटचा शब्द सगळे एकदम सोडतात का. "पाचेम" (लॅटिनमध्ये शांती) मधला म बारा जणांनी बारा वेळा म्हटला की समजायचं, रिहर्सल झालेली नाही.

मिशीमध्ये कुठे काय येतं हे माहीत असलं की वाट चुकत नाही. सुरुवातीला दयेची याचना, लॅटिनमध्ये "किरिए एलेइसोन" (खरं तर हे ग्रीक आहे), कोंकणी मिशीत "सोमिया, काकुळट कर". मग ग्लोरिया, मोठा आणि आनंदाचा. वाचनांच्या मधे स्तोत्र, त्यात एक जण ओळ म्हणतो आणि सगळे ध्रुवपद धरतात, हे आपल्या अभंगासारखंच म्हणून इथे बिनधास्त मनात गा. मग आलेलुया. मग प्रवचन, लांबू शकतं. त्यानंतर "सांक्तुस", म्हणजे पवित्र पवित्र पवित्र, याच्याकडे कान ठेवा, कारण लगेच पुढचा भाग मिशीतला सगळ्यात गंभीर, लोक गुडघे टेकतात, छोटी घंटी वाजते. कॉयर सगळा जोर बहुतेक इथेच लावतो. मग "आग्नुस देई", तीन वेळा तेच, पण तिसऱ्या वेळी शेवट बदलतो आणि शांतीची मागणी येते. तीनदा तेच ऐकायला मिळणं ही नवशिक्याची चैन आहे, पहिल्यांदा सोप्रानो ऐका, दुसऱ्यांदा बेस, तिसऱ्यांदा काहीच ठरवू नका.

कॉयर वाद्यांशिवाय गात असेल आणि सुरेल असेल तर एक गोष्ट आपल्यातले गाणारे-वाजवणारे लोक चटकन पकडतील. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो ना, स्वयंभू गंधार, तोच यांच्या एकत्र सुरात बसतो. पेटीचा किंवा कीबोर्डचा गंधार त्यापेक्षा थोडा चढा असतो, म्हणून वाद्य थांबलं आणि नुसते गळे राहिले की सूर अचानक गोड झाल्यासारखा वाटतो. आणि ऑर्गनबद्दल, आपल्या संगीत नाटकाचा जो ऑर्गन, पायाने भाता मारायचा, तसाच गोव्यातल्या कितीतरी इगर्जींत असायचा. हल्ली सगळीकडे इलेक्ट्रिक कीबोर्ड. कीबोर्डला माझा विरोध नाही, पण त्यातला तो ऑटो-रिदम चालू करून "टिक-चिक-टिक-चिक" वर सांक्तुस गायचं म्हणजे... असो.

हे सगळं इथे आलं कुठून? सोळाव्या शतकापासून इगर्जींना जोडून शाळा निघाल्या, तिथे मुलांना अक्षरओळख, प्रार्थना आणि त्याबरोबर सोल्फ (दो-रे-मी वाचून गाणं), व्हायोलिन आणि गाणं शिकवायला मेस्त असायचा. गावच्या मुलांना स्टाफ नोटेशन वाचता यायचं, आणि पुढे हीच मुलं मुंबईला जाऊन बँडमध्ये, मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, त्यांचे वडील तिथल्या इगर्जीत कॉयरमास्तर. म्हणजे जुन्या हिंदी गाण्यात व्हायोलिनचा ताफा एकदम खालून भरून येतो त्याचं मूळ शोधत गेलं तर ते लेंटच्या मोतेतापर्यंत जातं. आणि मराठीचाही इथे वाटा आहे बरं का. थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, ओवीत लिहिलेलं, १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं आणि इथले ख्रिस्ती लोक ते इगर्जीत मोठ्याने म्हणत. तेव्हा "हे आपलं नाही" म्हणून बाजूला बसायचं कारण नाही.

मधल्या काळात नियमही बदलत गेले. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की इगर्जीत नाटकी गाणं नको, पियानो नको, ढोल-झांजा नकोत, कॉयरमध्ये बायकासुद्धा नकोत, उंच आवाज मुलांनी गायचे. साठ वर्षांनी १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेला दार उघडलं आणि मग कोंकणी गीतांचा मोठा साठा तयार झाला, "गायनांचो झेलो" हे त्याचं पुस्तक, इगर्जीत बाकावर दिसेल, उचलून चाळा, परत जागेवर ठेवा.

वागायचं कसं हे थोडक्यात. खांदे-गुडघे झाकलेले कपडे. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, गुडघे टेकले की नुसतं शांत बसलात तरी चालतं. प्रसादाची रांग लागते तेव्हा आपण जायचं नाही, ती आपल्या तीर्थप्रसादासारखी सगळ्यांना खुली नसते, जागेवरच बसा, आणि तेव्हाचं गाणं नेमकं निवांत असतं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, गाणं कितीही रंगलं तरी, ते तुमच्यासाठी गात नाहीयेत. मोबाइल वर धरून अख्खी मीस शूट करू नका. आवडलं असेल तर संपल्यावर जिन्यापाशी थांबा, कॉयरवाले उतरतात तेव्हा दोन शब्द बोला, त्यांना कोणी सांगत नसतं, खूश होतात, आणि पुढची रिहर्सल कधी तेही कळतं. रिहर्सलला बसू दिलं तर सोनंच, एकेक आवाज वेगळा करून घेतात, मिशीत जे कधीच ऐकू येणार नाही ते तिथे ऐकू येतं.

मिशीला बिचकत असाल तर मे महिन्यात रस्त्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लादीन, म्हणजे मारियेची प्रार्थना, असते तिथे जा. एक व्हायोलिन, शेजारपाजारचे लोक, लॅटिनमध्ये मारियेची नावं एकामागून एक आणि प्रत्येकानंतर "ओरा प्रो नोबिस", आमच्यासाठी प्रार्थना कर. हे उत्तर पन्नासेक वेळा तरी येतं, त्यातलं सेकंड शोधायला यापेक्षा सोपी जागा नाही. नंतर उकडलेले चणे मिळतात आणि मोठ्यांना थोडा उर्राक (काजूची दारू). कोणी परकं मानत नाही.

स्वतः गायचं असेल तर? इगर्जीचा कॉयर त्या गावच्या लोकांचा, तिथे विचारून बघा, पण पणजीत मैफलींसाठी गाणारे कॉयर असतात तिथे धर्म आड येत नाही. आपल्याकडून जाणाऱ्यांना दोन गोष्टी जड जातात. एक, "दो" म्हणजे सा नव्हे. पोर्तुगीज पद्धतीत दो कायम पांढरी एक, पट्टी बदलली तरी दो जागचा हलत नाही, त्यामुळे आपला सरकता सा डोक्यातून काढायला वेळ लागतो. दुसरी, हरकती. मींड नाही, मुरकी नाही, शेजाऱ्यापेक्षा मोठा आवाज नाही, सूर सरळ लावायचा आणि "आ" सगळ्यांचा एकसारखा गोल. ज्याचं भजनात नाव आहे त्याला हे फार लागतं, आधीच सांगून ठेवतो. पुरुष असाल आणि खर्ज बरा असेल तर मात्र हात जोडून घेतील, बेसवाल्यांची टंचाई सगळीकडे.

आणि घरी यूट्यूबवर ऐकत असाल (गोव्याचे मोतेत बरेच सापडतात) तर इयरफोन लावा नाहीतर मोठा स्पीकर जोडा. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, रबेकांव तर पूर्ण गायब, आणि मग परत वरच्या चालीच्याच मागे धावत बसाल.